थरांचा आरसा प्रकाश गळू लागला तर आधी काय तपासायचं, शेवटी काय

आधी लक्षणं. लेझरच्या मांडणीत डायइलेक्ट्रिक आरसे, म्हणजे पारदर्शक थरांचे आरसे, वापरत असाल, तर यातलं एखादं तरी ओळखीचं निघेल.

- आरसा नवा कोरा, डबीवर परावर्तन ९९.५ टक्के लिहिलेलं, तरी पुढे पॉवर कमीच मिळते.
- आरशाच्या मागे ठिपका दिसतो, आणि तो चांगलाच ठळक असतो.
- परावर्तित बीमला चिकटून एक फिकट जोडबीम चालतो.
- वाटेत एकही पोलरायझर (एकाच दिशेचं कंपन पार होऊ देणारा) नाही, तरी हाफ-वेव्ह प्लेट (प्रकाशाच्या कंपनाची दिशा, म्हणजे पोलरायझेशन, वळवणारी चकती) फिरवली की शेवटची पॉवर वरखाली होते.
- कालपर्यंत ठीक होतं. हवा दमट झाली किंवा चेंबरमधली हवा काढली आणि आकडे बदलले.
- गोल ठिपका लंबगोल झाला.
- लेझर चालू केल्यावर काही मिनिटांत बीम हळूहळू सरकतो.

अशी तक्रार घेऊन येणारा बहुतेकदा 'आरसा गेला' असं ठरवूनच आलेला असतो. पण आरसा क्वचितच गेलेला असतो. तो ज्या अटींवर बनवलाय, त्यातली एखादी अट मोडलेली असते.

त्या अटी कुठून येतात ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसते मंत्र वाटतील. धातूचा आरसा धातू आहे म्हणून चमकतो. ॲल्युमिनियम दृश्य प्रकाशातला साधारण ९० टक्के भाग परत पाठवतं, कोन कोणताही असो. थरांच्या आरशात चमकणारं असं काहीच नसतं. काचेवर दोन पारदर्शक पदार्थांचे थर आलटून पालटून चढवलेले असतात, एक जास्त अपवर्तनांकाचा आणि एक कमी. टायटॅनियम डायऑक्साइड (अपवर्तनांक सुमारे २.३५) आणि सिलिका (सुमारे १.४६) घेतले, तर त्यांच्यामधली एक सीमा जेमतेम साडेपाच टक्के प्रकाश परतवते. करामत जाडीत आहे. प्रत्येक थराची जाडी गुणिले अपवर्तनांक म्हणजे तरंगलांबीचा पाव भाग. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी सिलिकाचा थर ९१ नॅनोमीटर येतो आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा ५७. थरातून जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. कमी अपवर्तनांकाकडून जास्तीकडे जाताना परतणारी लाट उलटी होते, जास्तीकडून कमीकडे जाताना होत नाही. त्यामुळे हिशेब असा जुळतो की सगळ्या सीमांवरून परतलेल्या लाटा एका तालात एकमेकींत मिसळतात. असे ९ थर चढवले तर परावर्तन साधारण ९७.६ टक्के होतं. १७ थरांत ते ९९.९५ पर्यंत पोचतं, आणि त्या १७ थरांची एकूण जाडी असते जेमतेम सव्वा मायक्रोमीटर. लॉर्ड रेलींनी अशा आवर्ती रचनेचं गणित १८८७ सालीच मांडलं होतं.

म्हणजे आरसा एका तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी, एका कोनासाठी, एका पोलरायझेशनसाठी, एका बाजूने आणि थरांचा अपवर्तनांक ठरल्याप्रमाणे राहील हे धरून बनवलेला असतो. यातलं काय चुकलंय ते स्वस्तातल्या तपासणीपासून महागडीकडे शोधत जायचं.

त्याआधी सुरक्षा

गळणारा आरसा म्हणजे मागच्या बाजूला निघालेला दुसरा बीम. १०६४ नॅनोमीटरचा असेल तर तो दिसणारही नाही. त्या तरंगलांबीचाच चष्मा घाला, आरशाच्या मागे बीम अडवणारा ठोकळा ठेवा, हातातली अंगठी-घड्याळ काढा आणि जितक्या कमी पॉवरवर काम भागेल तितकीच ठेवा. हिरव्यासाठीचा चष्मा इन्फ्रारेडला चालेलच असं धरून चालू नका, चष्म्यावर छापलेले आकडे वाचा.

मोजमाप खरं आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. फोटोडायोडच्या पॉवर मीटरवर तरंगलांबी सेट करावी लागते. सिलिकॉनची संवेदनशीलता १०६४ च्या आसपास झपाट्याने घसरते. मीटर आदल्या कामाचा ६३३ वर राहिला असेल, तर आकडा काहीच्या बाही येईल आणि दोष आरशाला लागेल.

मग बीम कडेला कापला जातोय का ते बघा. एक इंची आरसा ४५ अंशांत वळवला की बीमला त्याची रुंदी १८ मिलिमीटरच मिळते, आणि लेपाच्या (काचेवर चढवलेल्या थरांच्या) कडेचा भाग वापरायचा नसतो. गाउसियन बीमच्या (मध्ये प्रखर आणि कडेकडे फिकट होत जाणाऱ्या) बाबतीत ठिपक्याच्या व्यासाच्या दीडपट तोंड ठेवलं तरी सुमारे १ टक्का प्रकाश कापला जातोच.

आता यातला सगळ्यात कामाचा मुद्दा. आरसा चांगला की वाईट हे समोरचा बीम मोजून ठरवू नका, मागची गळती मोजा. पॉवर मीटरची अचूकता साधारण ३ ते ५ टक्क्यांची असते. ९९.५ टक्के आणि ९८ टक्के यांतला फरक त्या मीटरला समोरून कळणारच नाही, आज एक उत्तर येईल आणि उद्या दुसरं. मागच्या बाजूला मात्र तोच फरक ०.५ आणि २ टक्क्यांचा, म्हणजे चौपट दिसतो. चौपट फरक कोणत्याही मीटरला कळतो. ज्या आरशांची मागची बाजू खरखरीत ठेवलेली असते तिथे हे जमत नाही, प्रकाश विखुरतो. पण मागची बाजू पॉलिश केलेली असेल तर पुढची जवळपास प्रत्येक तपासणी मागे मीटर ठेवूनच करायची.

गळती ठरल्याइतकीच आहे आणि तरी समोर पॉवर कमी पडते, असं निघालं तर प्रकाश विखुरतोय, शोषला जातोय किंवा कापला जातोय. मग मधल्या तपासण्या सोडून थेट घाणीच्या भागाकडे जा.

आरसा उलटा बसलाय का?

हसू नका, हे फार वेळा निघतं. आरशाच्या कडेवर पेन्सिलीचा किंवा कोरलेला बाण असतो आणि तो सहसा लेपाच्या बाजूकडे टोक करून असतो. उलटा बसवला तर प्रकाश आधी काचेत शिरतो, लेपावरून परततो आणि पुन्हा काचेतून बाहेर येतो. मोकळ्या काचेचा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश वेगळाच परतवतो. जोडबीमचं मूळ बहुतेकदा हेच असतं.

बाण पुसला गेला असेल तर कागदाचा टोकदार कोपरा आरशाच्या अगदी जवळ न्या, टेकवू नका. लेपाची बाजू समोर असेल तर कागद आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडायला येतात. काचेची बाजू समोर असेल तर दोघांत काचेच्या जाडीमुळे स्पष्ट फट राहते. ६ मिलिमीटरच्या काचेत ही फट नजरेत भरते.

रंग बघा

आरसा हातात घेऊन (कडेने धरून, हातमोजे घालून) पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात धरा. अर्थात लेझर बंद करून. ५३२ चा टायटॅनियम डायऑक्साइड-सिलिकाचा साधा आरसा साधारण ४६० ते ६२५ नॅनोमीटरचा पट्टा परतवतो. म्हणून तो वरून हिरवट-पिवळा दिसतो आणि त्यातून आरपार बघितलं तर कागद जांभळट गुलाबी दिसतो, कारण निळा आणि लाल तेवढे पार होतात. ६३३ चा आरसा तांबूस-पिवळं परतवतो आणि आरपार निळा दिसतो. डब्यांची अदलाबदल झालेली असेल तर इथेच उघडकीला येते, एक रुपयाही न खर्चता. आरसा हळूहळू तिरका करा, आरपारचा रंग बदलत जाईल. तो बदल लक्षात ठेवा, पुढचा सगळा भाग त्याचाच आहे.

१०६४ च्या आरशाला ही युक्ती लागू पडत नाही. दृश्य प्रकाशात तो जवळजवळ साध्या काचेसारखा दिसतो. इथे एक गोंधळ नेहमी होतो. लोक अदृश्य बीमची वाट जुळवायला हिरवा लेझर वापरतात, हिरवा आरशातून पार निघून जातो आणि मग आरसा खराब ठरतो. पाव तरंगलांबीच्या थरांचा आरसा मूळ वारंवारतेला आणि तिच्या तिपटीला परतवतो, दुपटीला नाही. म्हणजे १०६४ ला परतवणारा आरसा ३५५ च्या आसपासही परतवेल, पण ५३२ ला सोडून देईल. हिरवा गळणं हा इथे दोष नाहीच.

कोन

माझ्या अनुभवात खरा गुन्हेगार सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतो, म्हणून जरा थांबून.

आरसा तिरका केला की परावर्तनाचा अख्खा पट्टा निळ्याकडे सरकतो. पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. तिरका प्रकाश थरातून जास्त अंतर चालतो, मग पट्टा लांब तरंगलांबीकडे जायला हवा ना? नाही. महत्त्व एका लाटेने चाललेल्या अंतराला नसून शेजारच्या दोन परतलेल्या लाटांमधल्या फरकाला आहे, आणि तो फरक थरातल्या कोनाच्या कोसाइनबरोबर कमी होतो. ४५ अंशांवर सिलिकात हा कोसाइन ०.८७५ आणि टँटलम पेंटॉक्साइडमध्ये (हाही जास्त अपवर्तनांकाचा पदार्थ) सुमारे ०.९४ असतो. सरासरी धरली तर पट्ट्याचा मध्य ९ टक्के निळ्याकडे जातो.

आता हीलियम-निऑनचा ६३२.८ नॅनोमीटरचा लेझर घ्या आणि टँटलम पेंटॉक्साइड-सिलिकाचा असा आरसा घ्या, जो सरळ समोरून येणाऱ्या ६३३ साठी बनवलाय. सरळ ठेवला तर पट्टा साधारण ५६५ ते ७१५, आणि ६३३ मधोमध आरामात. तोच आरसा ४५ अंशांत वळवून बीम काटकोनात फिरवायला वापरला, तर मध्य ५७५ ला येतो. एस पोलरायझेशनचा (बीम ज्या प्रतलात वळतो त्याला काटकोनात कंपन) पट्टा तिरकेपणात रुंदावतो आणि त्याची लाल कड ६६५ च्या आसपास राहते, म्हणून एस सुखरूप. पी पोलरायझेशनचा (त्याच प्रतलात कंपन) पट्टा अरुंद होतो, आणि त्याची लाल कड नेमकी ६३३ वर येऊन ठेपते. म्हणजे तुमचा लेझर कड्याच्या टोकावर उभा आहे. एक अंश इकडेतिकडे झाला, लेपाच्या जाडीत किंचित फरक असला की गळती एकदम वाढते. "कधी चालतो, कधी चालत नाही" अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हाच संशय घ्या.

तपासायला सोपं आहे. मागे मीटर ठेवा आणि आरसा काही अंश कमी तिरका करा. गळती भराभर उतरली तर दोष कोनाचा, आरशाचा नाही. उपाय म्हणजे त्या कोनासाठी बनवलेला आरसा आणा, किंवा मांडणी बदलून कोन कमी करा. ४५ अंशांसाठीचा आरसा सरळ वापरला तरी असंच होतं, फक्त पट्टा लालकडे सरकतो आणि तुमचा बीम निळ्या कडेशी येतो.

पोलरायझेशन

वरचंच पुढे. टेबलाला समांतर चालणारा आणि टेबलावरच वळणारा बीम असेल तर उभं पोलरायझेशन म्हणजे एस, आडवं म्हणजे पी. हाफ-वेव्ह प्लेट आरशाच्या आधी ठेवून फिरवा आणि मागची गळती बघा. एका जागी किमान आणि तिथून प्लेट ४५ अंश फिरवल्यावर कमाल आली, तर आरसा पी ला नीट धरत नाहीये. पॉवर टिकवायची असेल तर त्या आरशावर बीम एस म्हणूनच येऊ द्या.

बीमची उंची बदलणारे दोन आरसे एकावर एक असतील आणि वरचा बीम वेगळ्या दिशेला निघत असेल, तर पहिल्यावर जे एस होतं ते दुसऱ्यावर पी होऊ शकतं. हे कागदावर काढून बघा, डोक्यात चुकतं. आणि पोलरायझेशन धड एसही नाही, धड पीही नाही अशा कोनात असेल तर पॉवर पूर्ण मिळूनही ते लंबवर्तुळी होऊन बाहेर पडतं, कारण लेप दोघांना वेगवेगळा विलंब लावतो. पुढच्या पोलरायझरवर पॉवर कमी पडायचं कारण तिथे असतं.

घाण

बहुतेक लोक सुरुवातच पुसण्यापासून करतात. मी मुद्दाम इतकं मागे ठेवलंय, कारण आतापर्यंतच्या एकाही तपासणीत आरशाचं नुकसान होऊ शकत नव्हतं. पुसण्यात होऊ शकतं.

लेझर बंद करा. विजेरी तिरकी मारून पृष्ठभाग बघा. धूळ ठिपक्यांसारखी चमकते, बोटाचा ठसा धुकट पट्ट्यांसारखा दिसतो, जळालेली जागा काळपट किंवा खड्ड्यासारखी दिसते आणि कोन बदलला तरी हलत नाही. आधी रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबा.

ठसा असेल तर लेन्स टिश्यू आरशावर आडवा धरायचा, त्यावर शुद्ध ॲसिटोन किंवा मिथेनॉलचा एक थेंब सोडायचा आणि ओला टिश्यू एकाच दिशेने, एकाच संथ ओढीत कडेपर्यंत न्यायचा. द्रावण टिश्यूच्या मागोमाग वाळत गेलं पाहिजे. रेघ उरली तर नवा टिश्यू घ्या, तोच परत फिरवू नका, आणि चष्मा पुसतो तसं कोरडं गोल-गोल घासणं तर अजिबात नको. सिलिका, टँटलम पेंटॉक्साइड, हॅफ्नियम ऑक्साइड असे कठीण ऑक्साइडचे लेप हे सोसतात. झिंक सल्फाइड-क्रायोलाइटचे मऊ जुने लेप सोसत नाहीत. उघड्या सोन्या-चांदीच्या आरशाला तर हातच लावू नका.

हळूहळू सरकणाऱ्या बीमचं कारणही कधी इथेच असतं. लेपावरचा एखादा शोषक कण तापतो, काच तिथे किंचित फुगते आणि बीमचा आकार बिघडतो. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या भुजांमधल्या ४० किलो वजनाच्या आरशांनाही लेपातल्या अशा सूक्ष्म शोषक बिंदूंनी सतावलेलं आहे.

माउंटचा दाब

ठिपका लंबगोल झालाय आणि बाकी सगळं ठीक आहे? आरसा धरणारा स्क्रू पाव फेरा सैल करा. ठिपका गोल झाला तर उत्तर मिळालं. आरसा हलणार नाही इतपतच आवळायचा.

हवा आणि व्हॅक्यूम

इलेक्ट्रॉन-बीमने चढवलेले लेप आतून सच्छिद्र असतात. दमट हवेत त्या पोकळ्यांत पाणी शिरतं, थराचा अपवर्तनांक वाढतो आणि पट्टा लालकडे सरकतो. व्हॅक्यूममध्ये पाणी निघून जातं आणि पट्टा निळ्याकडे सरकतो. हा फरक एक-दोन टक्क्यांचा असू शकतो, म्हणजे १०६४ च्या आरशात १० ते २० नॅनोमीटर. लेझर पट्ट्याच्या मधोमध असेल तर काही बिघडत नाही. कडेशी असेल, किंवा आरसा एक रंग परतवून दुसरा पार करणारा डायक्रोइक असेल, तर बिघडतं. आयन-बीम स्पटरिंगचे (आयनांच्या माऱ्याने चढवलेले) लेप घट्ट असतात, त्यांच्यात हा त्रास नगण्य. असा आरसा महाग पडतो, म्हणून आधीच्या सगळ्या शक्यता निकाली काढूनच तो मागवा.

अगदी छोटे पल्स

फेम्टोसेकंद लेझर असेल तर पॉवर पूर्ण असूनही पल्स लांबलेला सापडू शकतो. पट्ट्याच्या कडेशी वेगवेगळ्या तरंगलांब्या थरांत वेगवेगळ्या खोलीवरून परततात आणि त्यांना वेगवेगळा उशीर होतो. हाच परिणाम हिशेबात घेऊन वापरणारे चर्प्ड आरसे (थरांची जाडी क्रमाने बदलत नेलेले) १९९४ मध्ये पुढे आले. पॉवर मीटरला यातलं काहीच दिसत नाही. पल्सची लांबी मोजायचं साधन हाताशी नसेल तर अंदाजाने आरसे बदलत बसू नका.

कुठे थांबायचं

शेवटची घरगुती तपासणी म्हणजे त्याच प्रकारचा, चांगला चालणारा आरसा त्याच माउंटमध्ये बसवून बघणं. त्यानेही तेवढीच गळती दाखवली तर आरसा निर्दोष आहे आणि चूक मांडणीत आहे. पहिल्याचीच गळती जास्त असेल तर तो बाजूला काढा.

लेपावर जळालेला खड्डा दिसला तर त्या जागेवर पुन्हा बीम सोडू नका, नुकसान पसरत जातं. कडेला पापुद्रे सुटलेले दिसले तर पुसायचाही प्रयत्न नको. लेप घरी पॉलिश करून परत येत नाही. आरसा बंद लेझर हेडच्या आत असेल तर झाकण उघडू नका, ते काम ज्यांनी लेझर बनवला त्यांच्या तंत्रज्ञाचं आहे. क्लास ४ चा (सगळ्यात धोकादायक वर्गाचा) अदृश्य बीम आहे आणि तुमचं लेझर सुरक्षेचं प्रशिक्षण झालेलं नाही, तर वरच्या तपासण्याही तुम्ही एकट्याने करायच्या नाहीत.

आरसा लेप चढवणाऱ्यांकडे पाठवायचा ठरला तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रत्येक तरंगलांबीला किती प्रकाश परततो किंवा पार होतो ते मोजणारं यंत्र) 'त्याच कोनात आणि त्याच पोलरायझेशनला' मोजून मागा. सरळ समोरून काढलेला आलेख ४५ अंशांच्या तक्रारीला काहीच उत्तर देत नाही. ९९.९ च्या वरच्या आरशांना साधा स्पेक्ट्रोफोटोमीटरही अपुरा पडतो, त्यांना कॅव्हिटी रिंग-डाउन (आरशांमध्ये अडकवलेला प्रकाश किती वेगाने विझतो ते मोजणं) लागतं. सोबत बॅच क्रमांक, तरंगलांबी, कोन, पोलरायझेशन, ठिपक्याचा व्यास, सरासरी पॉवर किंवा पल्सची ऊर्जा आणि लांबी, आणि मागे मोजलेली गळती लिहून द्या. आरसा डबीत ठेवताना लेपाची बाजू कशालाही टेकणार नाही असा, फक्त कडेवर धरलेला ठेवा.